गणपतरावांचा राजीनामा आणि मंडळाचं सॉफ्टवेअर

आजच्या समारंभाचे आणि आपल्या विणकर समाज वधू-वर सूचक मंडळाचेही अध्यक्ष, आधारस्तंभ माननीय जागेश्वरजी, सत्कारमूर्ती गणपतराव, व्यासपीठावरील मान्यवर, आणि कूलर बंद असूनही जागा न सोडणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मी प्रेमलता, मंडळाची सहचिटणीस. आपले चिटणीस गणपतराव प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडत आहेत, असं पत्रिकेत छापलं आहे. आज ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, जरीपटक्याहून, सायकलनं आले. असो.

त्यांच्या कार्याबद्दल काय बोलावं? स्थळं जुळवायचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं की घरीच बनवावं, यावर आपण दोन वर्षं बैठका घेतल्या. तेवढ्यात किती उपवर मुलांचे केस विरळ झाले, ते सांगत नाही. गणपतरावांचा पुतण्या भूपेश प्रोग्रामर. ते म्हणायचे, "घरचा पोरगा बनवून देते. बाहेरच्या कंपनीले आपल्या चालीरीती काय समजन?" अध्यक्षमहोदय म्हणायचे, "विकतचंच घे गा. बिघडलं तं कंपनीले बोलता येते. पुतण्याले बोललं तं तू रुसशील." दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच दोघांचं बोलणं बंद झालं.

मग ठरलं, की कंपनीची प्रतिनिधी मयुरी आणि भूपेश यांनी मिळून तुलनात्मक अहवाल द्यावा. दोघांनी फार बारकाईनं तुलना केली. अहवाल आला नाही, लग्नाची पत्रिका आली.

लग्न जुळलं म्हणून मंडळाला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण मयुरी आपल्या समाजाची नाही. तातडीची बैठक बसली. "पुतण्याले समजावा, नाही तं पद सोडा," असं कोण म्हणालं, त्यांचं नाव मी घेणार नाही. ते समोरच बसले आहेत. गणपतराव शांतपणे म्हणाले, "त्याले बाप नाही. लग्नात मी उभा नाही राहिलो तं कोण राहीन?" आणि ते उभे राहिले. अशी त्यांची प्रकृती.

शेवटी सॉफ्टवेअर विकतच घेतलं. चांगलं आहे. फक्त 'समाज' हा रकाना कोरा सोडला, तर अर्ज पुढे सरकत नाही. माझ्या मुलीनं तो मुद्दाम कोरा सोडला आहे. कंपनी म्हणते, बदल हवा तर अध्यक्षांचं पत्र द्या. भूपेश म्हणतो, "काकू, घरचं असतं तं मी आत्ताच काढून टाकला असता."

अध्यक्षमहोदय, पत्र मी टाइप करून आणलं आहे. पेनही आहे.

गणपतराव, मंडळाच्या वतीनं आणि त्याहून जास्त माझ्या घराच्या वतीनं तुमचे आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखलं असेल, तर पोटात घाला. ज्यांचं दुखलं नसेल, त्यांच्यासाठी मी पुन्हा बोलेन.