एक चॅनल, दोन मराठी मंडळं

कम्युनिटी रेडिओचं चॅनल एकच, मागणारी मराठी मंडळं दोन. सुनावणीच्या दाराबाहेर चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यांतल्या नोकरदारांच्या मंडळाचा अनिकेत बसला होता. समोर तंजावरी मंडळाचे नारायणस्वामी आणि त्यांची बहीण चंद्रिका.

“अण्णा, हळू. तो ऐकतोय.”

“ऐकू दे. चेन्नईत आपली मराठी कुणाला कळते?”

“ओरगडमवाले अजून आले नाहीत.”

“येतील. पाखरं ती! बदली झाली की पुण्याला उडतील. मग रेडिओ कोण चालवणार? साहेबांना हेच सांगतो.”

“आपल्याला मराठी येत नाही, म्हणाले तर?”

“मग पिढ्यान्‌पिढ्या घरात बोललो ते काय?”

अनिकेतचा फोन वाजला. आई विचारत होती, “बदलीचं काय झालं रे?”

दोघं त्याच्याकडेच पाहत होते.

“सॉरी, राँग नंबर.”

“बघ चंद्रिके, आपल्यातला नव्हे तो.”