तीन चाकांवरचं शीड

नेस्ता : काप म्हटलं ना! करवत हातात घेऊन पुतळ्यासारखा उभा काय राहिलास, इद्वल?

इद्वल : ही तुझी डोलकाठी आहे, नेस्ता.

नेस्ता : माझी आहे म्हणूनच सांगतेय. खालून हातभर काढ. एवढी उंच ठेवली तर वारा आपली शिडाची गाडी वाळूवर आडवी करेल.

इद्वल : एकतीस वर्षं हिला मला हात लावू दिला नाहीस. विंडसर्फिंग करून आलीस की आधी हिला गोड्या पाण्याची अंघोळ, मग स्वतःला. आणि आता म्हणे काप.

नेस्ता : दीड वर्ष छपराला टांगून कोळी पोसतेय ती. कानातली गाठ काढली, पण तोलही गेला. फळीवर उभी राहिले की मी पाण्यात. घरातसुद्धा भिंत धरून चालते. पण बसता येतं मला. बसून शीड ओढता येतं.

इद्वल : डॉक्टर विश्रांती घ्या म्हणाले.

नेस्ता : डॉक्टर जपा म्हणाले. विश्रांती तू म्हणालास.

इद्वल : हे बघ, मी सुतार माणूस. जन्मभर खुर्च्या केल्या. माझ्या खुर्च्या ठेवल्या जागी राहतात.

नेस्ता : मग एक पळणारी कर. त्या ढकलगाड्यांची तीन चाकं आणलीस ना भंगारातून? दोन मागं, एक पुढं. पुढचं पायानं वळवायचं. परातीच्या नळ्यांची चौकट, त्यावर बागेतली प्लास्टिकची खुर्ची, पाय कापून. काठी, शीड, दोऱ्या माझ्या आहेतच.

इद्वल : परातीच्या नव्हे, परांचीच्या. बांधकामावरच्या.

नेस्ता : तेच ते. आणि ब्रेक नाही.

इद्वल : ब्रेक नाही?

नेस्ता : दोरी सोडली की शीड फडफडतं, गाडी थांबते. काप आता.

(तीन आठवड्यांनंतर. ओहोटी. दोन मैल उघडी पडलेली वाळू, त्यावर आडवी झालेली गाडी.)

ग्विलिम : हलू नका, बाई. आधी बोटं हलवून दाखवा.

नेस्ता : ग्विलिम, तुला फळीवर उभं राहायला मी शिकवलं, आता तू मला बोटं हलवायला शिकव. काठी मोडली का ते बघ.

ग्विलिम : काठी शाबूत आहे. खांदा?

नेस्ता : दुखतोय, म्हणजे आहे.

इद्वल : हसतेस काय? उजवं चाक माझ्या छातीएवढं वर गेलं! आणि तू दोरी सोडायची सोडून आणखी ओढत होतीस! मी इथून ओरडतोय, ओरडतोय...

नेस्ता : हातांना तेच माहीत आहे रे. वाऱ्याचा झोत आला की ओढायचं आणि अंग मागं टाकायचं.

ग्विलिम : ते पाण्यावर. इथं खुर्चीत बसून अंग टाकणार कुठं? इथं दोरी सोडायची.

नेस्ता : कळलं. हवेत होते तेव्हाच कळलं.

ग्विलिम : बाई, आता या किनाऱ्याचा राखणदार म्हणून बोलतो. इथं चाक फिरवायला माझी सही लागते. पुढच्या शनिवारपासून सुट्ट्यांची गर्दी, मग सप्टेंबर संपेपर्यंत बंदी. आणि जी गाडी माझ्यादेखत उलटली तिच्यावर मी सही करत नसतो.

नेस्ता : म्हणजे शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

ग्विलिम : तसं नाही म्हणालो मी... शुक्रवारी अकराला ओहोटी आहे खरी.

इद्वल : अरे, तू हिला वेळ काय सांगतोस?

*

नेस्ता : चाकं कुठायत?

इद्वल : काढली.

नेस्ता : ते दिसतंय. भिंत धरत धरत तुझ्या कामाच्या खोलीपर्यंत आले ती उघड्या चौकटीकडे बघायला नाही. कुठं टाकलीस?

इद्वल : ओरडू नकोस. भंगारात द्यायला निघालो होतो काल. कार्मार्थनच्या फाट्यापर्यंत गेलोसुद्धा.

नेस्ता : मला न विचारता?

इद्वल : न विचारता. दवाखान्याच्या बाकावर सात तास बसलो होतो मी, नेस्ता. तुझं ऑपरेशन संपेना. पुन्हा तसं बसायची ताकद नाही माझ्यात.

नेस्ता : मग दिलीस?

इद्वल : नाही. फाट्यावर दिवा लाल होता. तिथं तुझं ते हसणं आठवलं. दीड वर्षात पहिल्यांदा हसलीस, तेही तोंडात वाळू घेऊन. दिवा हिरवा झाला, मागचे भोंगे वाजवायला लागले, मी गाडी वळवली. येताना लोखंडाच्या दुकानातून लांब नळी आणली. ही बघ.

नेस्ता : ही काय करायची?

इद्वल : मागची दोन चाकं एकमेकांपासून आणखी हातभर लांब न्यायची. आपली बैठक अरुंद होती. वर एवढं शीड आणि खाली एवढासा पाया, पडेल नाही तर काय? सुतारकामाला लागलेल्या पोरालाही कळतं. मी घाबरलेलो होतो, नीट मोजलंच नाही.

नेस्ता : इद्वल...

इद्वल : डोळे पूस आणि त्या स्टुलावर बस. ही दोरी धर. मी झोत म्हटलं की सोडायची. झोत!

नेस्ता : सोडली.

इद्वल : उशीर. उलटलीस. पुन्हा. तो पाना दे इकडे... झोत!

नेस्ता : फसवतोस होय रे!

इद्वल : वारा काय कळवून येणार आहे? जेवतानाही दोरी हातात राहू दे. आणि माझी एक अट आहे. शुक्रवारी आधी मी बसणार.

नेस्ता : तू? तू आजवर होडीत पाय ठेवला नाहीस!

इद्वल : नळी मी जोडलीय. तुटायची तर माझ्याखाली तुटू दे.

*

नेस्ता : दिसतो का रे तुला?

ग्विलिम : तो काय, त्या लाकडी बांधाच्या पलीकडे. लाल ठिपका.

नेस्ता : वळायला नको होता आतापर्यंत? वारा वाढलाय. त्याला नुसतं जाऊन वळून ये म्हटलं होतं. शिरस्त्राणाचा पट्टा तरी लावला होता ना त्यानं?

ग्विलिम : तुम्हीच लावलात, बाई. दोनदा.

नेस्ता : आता तर ठिपकाही दिसेना.

ग्विलिम : पाय आपटू नका, तोल जाईल. माझा हात धरा.

नेस्ता : इतकी वर्षं हा इथं असाच उभा असायचा?

ग्विलिम : इथंच. थंडीत, पावसात. तुम्ही लांब गेलात की दर दोन मिनिटांनी मला विचारायचे, तुझे डोळे तरुण आहेत, तुला दिसते का?

नेस्ता : मला वाटायचं, चहा पीत मजेत असतो.

ग्विलिम : चहा तसाच गार व्हायचा.

नेस्ता : कधी बोलला नाही. परत आले की फक्त टॉवेल पुढं करायचा... तो बघ! आला! केवढ्यानं येतोय! इद्वल, दोरी! दोरी सोड!

ग्विलिम : मागं सरा, बाई!

नेस्ता : थांबला. अरे, काय झालं होतं? दोरी अडकली?

इद्वल : नाही.

नेस्ता : नळी?

इद्वल : नळी पक्की आहे. मी गेलो... ते बांधापर्यंतच जायचं होतं. मग पुढं ओली वाळू लागली. आवाजच बंद झाला, नेस्ता. चाकांचा, माझा, सगळाच. तिथंच वळणार होतो. पण दोरी सोडवेना.

नेस्ता : सुटेना?

इद्वल : सुटत होती. मला सोडवेना.

नेस्ता : ऊठ. ऊठ आता त्या खुर्चीतून.

इद्वल : थांब, खुर्ची पुढं घेतो. तुझे पाय पोचायला हवेत. खांदा कसा आहे?

नेस्ता : आहे. ढकल.

इद्वल : नेस्ता, झोत आला की...

नेस्ता : इद्वल, आठवडाभर सूपसुद्धा दोरी हातात धरून प्यायलेय मी. ढकल!

*

ग्विलिम : सुसाट निघाल्या. बांध ओलांडला.

इद्वल : हूं.

ग्विलिम : चाक उचललं! डावं चाक! बघा, चाक...

इद्वल : बघतोय.

ग्विलिम : टेकलं. सोडली दोरी. बरोबर वेळेला सोडली. वळल्या... इकडेच येतायत.

नेस्ता : इद्वल! बघितलंस? सोडली मी!

इद्वल : बघितलं!

नेस्ता : ग्विलिम, सही!

ग्विलिम : केली, बाई! थांबा तर खरं!

नेस्ता : आता कसली थांबते!

ग्विलिम : गेल्या. बांधाच्याही पलीकडे. नदीच्या मुखापर्यंत जाणार बहुतेक.

इद्वल : जाईल. वाळू चांगली आहे तिथं.

ग्विलिम : आता नाही दिसत मला.

इद्वल : बरं. तो चहाचा थर्मास उघड. दोघांपुरताच ओत, तिला वेळ लागेल.