लाल फडक्याची खीळ

एक्स-रेच्या रांगेत बसलेल्या शिंपीणबाईंच्या मागच्या बाकावर सासरे आणि जावई बोलत होते. दोघांचेही कपडे मातीनं माखले होते.

"बाबा, चौकशीचे साहेब विचारतील. जोराचा वारा आला, एवढंच सांगा."

"वारा? गवताचं पातं हलत नव्हतं, जावईबापू."

"मग काय सांगू? घरचं विमान, आणि खीळ काढायलाच विसरलो म्हणून?"

"लाल फडकं बांधलेली?"

"तीच. विमान उभं असताना सुकाणू हलू नये म्हणून लावतात. ती राहिली, म्हणून धावपट्टी संपली तरी नाक उचललं नाही. पण तुम्हाला कसं ठाऊक?"

"फडकं माझ्या डोळ्यांसमोरच लोंबत होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"चढताना पट्टा कसा लावायचा विचारलं, तर म्हणालात, 'बाबा, ही तुमची सायकल नाही.' बघायला आलेले तुमचे चार मित्र हसले. मग गप्पच बसलो."

शिंपीणबाईंनी सुजलेल्या अंगठ्यावरची पट्टी उगाच सारखी केली.

दार उघडलं. नर्सनं चाकाच्या खुर्चीतून सासऱ्यांच्या लेकीला बाहेर आणलं. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"फार दुखतंय का गं?" जावयानं विचारलं.

"नाही हो. चौकशीचे साहेब मागच्या दारानं आत येऊन गेले. वाऱ्यानं झालं, असं सांगितलं मी."

"वाऱ्यानं?"

"मग काय, फडक्याचं सांगू? मागच्या सीटवरून मलाही दिसत होतं. म्हटलं, बाबांसमोर टोकलं की तुमचा पारा चढतो."

जावई बाकावरून उठला.

"बाबा, तुम्ही हिच्यापाशी बसा. साहेब कुठल्या बाजूला गेले?"