नानांना सांगायचा राहिलेला वारा

मंडळी, आणि नानांच्या फोटोजवळ बसलेल्या काकी,

मला सभेत बोलायची सवय नाही. शाळा चौथीत सुटली, पुढं बोटीवर खलाशी झालो. तिथं बोलायचं नसतं, ऐकायचं असतं. पण काकी म्हणाल्या, "तू बोल. त्यांचं काहीतरी तुझ्याकडे राहिलंय." खरं आहे. ते द्यायलाच उभा राहिलोय. जमेल तसं देतो.

नानांना लालबागच्या या चाळीत कोण ओळखत नाही? जन्म गिरणीच्या साचेखात्यात गेला, कापड विणण्यात. तिथं खिडक्या उघडत नाहीत. वारा लागला की धागा तुटतो. म्हणून असेल, नानांना वाऱ्याचं वेड होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आपण घोषणा द्यायचो आणि नाना झेंड्याकडे बघत चालायचे.

"नाना, घोषणा द्या की."

"देतंय रे. आधी बघ, वारो फिरलो."

मी सुट्टीवर आलो की कुणी साबण मागायचं, कुणी घड्याळ. नाना एकच विचारायचे, वारा कुठून होता. "वारो खयचो होतो रे?"

मग गॅलरीतला कॅरम बोर्ड आमचा. मधोमध सुताचा धागा आडवा ठेवायचा, ते विषुववृत्त. स्ट्रायकर म्हणजे माझी बोट. पावडरीवर नाना फुंकर मारायचे, तो वारा. धाग्याच्या वर ईशान्येचा, खाली आग्नेयेचा. बोट धाग्यावर आली की फुंकर बंद. तिथं वारा पडतो, पाणी तेलासारखं होतं. आणि पार उत्तरेला गेलं की पश्चिमेचे वारे. पोरं वैतागायची, "नाना, आमचा डाव मोडलात."

"गप रवा रे. बोट लंडनाक चालली हा."

मागच्या सुट्टीत नानांनी फुंकर मारली आणि पावडर हलली नाही. कापसाची धूळ इतकी वर्षं छातीत बसलेली. मग नानाच म्हणाले, "तू फुंक." मी फुंकर मारली.

त्या दिवशी मी सांगत होतो, उत्तरेच्या समुद्रावर गरम हवेचा आणि थंड हवेचा असे दोन प्रचंड ढीग एकमेकांना भिडतात. साहेबलोक त्या जागेला फ्रंट म्हणतात. नाना हसले.

"म्हणजे आमच्या खात्याचो दरवाजो. थंडीत उघडलो की गार हवा खालसून शिरता. आधी पायांक कळता. तुझ्या समुद्रार तसाच असतला. बूट काढून उभो रव, आणि माका येऊन सांग."

मंडळी, या सफरीत मी डेकवर उभा राहिलो. सकाळपासून नैर्ऋत्येचा वारा होता, ओला, कोंदट, हुबेहूब साचेखातं. मग पश्चिमेला ढगांचा काळा पट्टा दिसला. मी बूट काढले. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, ओरडला, "वेडा झालास काय रे?" म्हटलं, "नानांचं काम आहे." पाऊस कोसळला. वारा एकदम वायव्येचा झाला. अंगावर काटा आला. आणि तो पट्टा डोक्यावरून गेल्यावर मागं आभाळ धुतल्यासारखं.

नाना, पायांना आधी नाही कळलं. गार हवा खालून शिरते, गरम हवेला वर उचलते, हे तुमचं बरोबर. पण तो दरवाजा फार मोठा आहे, नाना. वारा एकदम तोंडावरच येतो.

ते म्हणाले असते, "तू नीट उभो नाय रवलंस." मग आम्ही भांडलो असतो. काकींनी जेवायला दोनदा हाका मारल्या असत्या. त्या भांडणासाठी मी गोदीतून धावत आलो. जिना चढलो, आणि दाराबाहेर चपला दिसल्या. खूप चपला. आत जायच्या आधीच कळलं.

ज्याला जगातला वारा हवा होता, त्याला शेवटी श्वासापुरती हवा मिळाली नाही.

आता सगळे उभे राहू या. फक्त एक करा. त्या खिडक्या उघडा. अगरबत्ती विझली तर विझू दे. कुणी काही बोलू नका, थोडा वेळ शांत उभे राहा, आणि वारा कुठून येतोय तेवढं बघा.

नानांनी तेच विचारलं असतं.