हात मागे बांधून

"मेट्रन झाल्यापासून बाईसाहेब साध्या चादरीलाही हात लावत नाहीत," बसच्या रांगेत पुढची थोराड नर्स कुरकुरली. मागच्या शिंपीणबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि कान तिकडे लावले.

"ताई, आता सगळ्या वॉर्डांच्या सिस्टर त्यांच्या हाताखाली. चादरी त्यांनीच ओढल्या तर आपण काय करायचं?" सोबतची धाकटी म्हणाली.

"वॉर्डात होती तेव्हा एकटी चौघींचं काम उपसायची. काल माझ्याकडे एकदम पाच पेशंट आले, तर ही दाराशी. हात मागे बांधून."

"नुसत्या उभ्या?"

"विचारलं, 'तुला काय हवंय?' म्हटलं, दोन मुली दे आणि ते नातेवाईक आवर. मुली लगेच धाडल्या. नातेवाइकांना बाहेर नेऊन त्यांच्या शिव्या खात बसली."

"आणि वॉर्ड?"

"मी सांभाळला. वर मोठ्या डॉक्टरांना माझं नाव सांगून आली, सगळं हिनंच निभावलं म्हणून."

"तरी तुम्ही अजून त्यांचं अभिनंदन केलं नाहीत."

बस आली. थोराड नर्स जागची हलली नाही. शिंपीणबाईंनीही आपली बस जाऊ दिली.

"ती जागा मला हवी होती गं. पण खरं सांगू? असं गप्प उभं राहणं मला जमलं नसतं."