दोन कादंबऱ्यांतली सासू

—न्हाय, तसं न्हवं सर, आजारी न्हाय अक्षता, आतच हाय. कडी म्या घातल्याय. बसा की. एम.ए.ची तोंडी परीक्षा दुपारपतोर चालत्याय म्हणं, अक्षतानंच सांगितलंय — च्या तरी घ्या, तिला न्यायला राजारामपुरीतनं स्कूटर मारत आलासा. फकस्त सासूनं सुनंला कोंडलं म्हणून पेठंभर बोंब मारू नका म्हंजे झालं. आवो, म्हशीपायी कोंडलंय. हसताय काय? आमची म्हस हिच्या वाचनाला सोकावल्याय. मी धारंला बसते, ही शेजारी उभारून कादंबरी वाचत्या, तवा कुठं म्हस पान्हा सोडत्या. म्या गाणी म्हटली, जादा पेंड घातली — न्हाय म्हंजे न्हाय. उद्या ही पास होऊन मलकापूरच्या कॉलेजात शिकवाय गेली तर म्हशीला कोण वाचणार? मी? मला एक अक्षर येत न्हाय.

पर ऐकून ऐकून दोन्ही कादंबऱ्या पाठ झाल्यात. त्याच की, परीक्षेला तुलना करायच्या. दोन्हीत इषय एकच, सुनंला घरातनं भायर पडायचंय. पर सांगायची तऱ्हा येगळी. पहिलीत सून सोताच बोलत्या, मला असं वाटलं, मी तशी रडले. तिच्या पोटातलं समदं कळतं, दुसऱ्याचं कायबी न्हाय. मग सासू कशी दिसणार? काळीकुट्ट. म्या तर धार काढता काढता तिला शिव्या घातल्या. दुसरीत समदा गाव बोलतोय — न्हावी, गिरणीवाली, कंडक्टर. सून तोंड उघडत न्हाय, आन् शेवटाला एसटीत बसून जात्या. ही बांधणी बरी, एकट्याच्याच सांगण्यावर जावं लागत न्हाय. पर सर, कंडक्टरला बोलाय मिळालं, मग सासूला का न्हाय? घरात तर तीच हुती. एसटी गेल्यावर तिनं कुणासंगं भाकरी खाल्ली?

अक्षताला म्हटलं, हे सांग की तुझ्या उत्तरात. तर म्हणाली, "आत्ती, ते प्रश्नात येत न्हाय." सरळच बोलली पोर. मला लागलं. पृथ्वीराज, माझा ल्योक, हिचा नवरा, पुण्याला गेला तो तिकडं दुसरं बिऱ्हाड थाटून बसला. ऱ्हायलो आमी दोघी. हीबी गेली तर मी काय भिताडासंगं बोलू? म्हशीचं निमित्त हो. मला भ्या वाटतंय.

तुमी शिकवताय न्हवं? सांगा की, काय झालं त्या सासूचं? — पुस्तकात न्हाईच म्हणताय? म्हंजे लिवणाऱ्यानंबी इचार केला न्हाय. आन् ती पहिलीतली, सुनंला कोंडून घालणारी... ती तसं का करती, कुणी इचारलं? म्याबी न्हाय इचारलं. शिव्याच घातल्या. आन् आज ही कडी कुणी घातली? म्याच की.

थांबा, तुमी हात लावू नका. मी काढते. — ये गं भायर. आधी तोंड धू, डोळं बघ कसं झाल्यात. बस जा सरांच्या मागं. माझ्याकडं बघत उभारू नगं. आन् ती दोन्ही पुस्तकं हितं ठेव. — म्हाईत हाय की मला, वाचाय येत न्हाय ते. ठेव म्हटलं न्हवं? जावा आता तुमी. दार मी लावून घेते.