कमानीखाली हसायचं

भिंगरी: तू मधे बोलू नकोस, फक्त ऐक. आमचा दादा, जो घरात आजोबांच्या शेजारी पाच मिनिटं टेकत नाही, तो महिनाभर त्यांना रोज गाडीतून ऑफिसला नेतोय!

मास्तरीण: ऑफिसला? आजोबांना? कशाला?

भिंगरी: तेच तर! आई आपली खूश, पोराला माया फुटली म्हणून. मला पहिल्यापासून वास येत होता. तर काल माझी स्कूटर पंक्चर, म्हणून मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले. बाजारपेठेच्या तोंडाशी ती गर्दी कमी व्हावी म्हणून गाड्यांना लावलेल्या टोलची नवी कमान आहे ना, ती आली आणि दादा काय म्हणतो, "आजोबा, काच खाली घ्या, वर बघा, हसा."

मास्तरीण: अगं बाई! ऐंशीच्या वरचं माणूस गाडीत असलं की टोल माफ!

भिंगरी: कळलं ना? कॅमेऱ्याला चेहरा दिसला की झालं. मग दिवसभर आजोबा ऑफिसच्या खालच्या सोफ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. सामान ठेवल्यासारखे!

मास्तरीण: महा बिलंदर आहे तुझा दादा. बसने जायला काय होतं? टोल लागल्यापासून माझी बस कशी सुळकन जाते. वर्गाच्या रस्त्याकडच्या खिडक्या आता उघड्या ठेवते मी. आधी धूर आणि हॉर्न, पोरांना फळ्यावरचं सांगायचं म्हणजे घसा फाटायचा.

भिंगरी: तुला काय गं, तुझ्या दारात बस येते. आमच्याकडून दोन बदलायच्या, त्यातली दुसरी आली तर आली. आणि दादाचा साहेब? त्याचा टोल कंपनी भरते. रस्ता मोकळा झाला तो त्याच्यासाठी, तो एकटा ऐटीत जातो. मला तर टोल लागला तेव्हापासून संशय आहे, हे सगळं नक्की कोणाच्या सोयीसाठी काढलंय.

मास्तरीण: असेल. पण म्हणून म्हाताऱ्या माणसाला पुढं करायचं?

भिंगरी: झापलं ना मी दादाला! तर म्हणतो, "त्यांनाही हवापालट होतो, तुझं काय जातं?" पण खरं पुढेच आहे. संध्याकाळी आजोबांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, म्हणाले, "खरं सांग, कुठे ठरवलंय मला ठेवायचं?"

मास्तरीण: ठेवायचं म्हणजे?

भिंगरी: त्यांना वाटतंय, वृद्धाश्रम बघून ठेवलाय! रोज परक्या जागी बसवायचं, हळूहळू सवय लावायची. आणि कमानीखाली फोटो निघतो तो तिथल्या लोकांना पाठवायला. म्हणाले, "मी मुद्दाम चांगला हसतो. निदान बरी खोली देतील."





मास्तरीण: मग सांगितलंस ना टोलचं?

भिंगरी: काय सांगू? "आजोबा, घाबरू नका, तुम्ही नुसती सवलत आहात"? जीभच वळेना. मी म्हटलं, दादाला तुमच्याशिवाय करमत नाही.

मास्तरीण: वेडी आहेस का? आणि पटलं त्यांना?

भिंगरी: कसलं पटतंय! पोलिसासारखे रोखून बघत होते. मग स्वतःशीच म्हणाले, "पोरगा बोलायला लाजत असेल." आणि मघाशी जेवताना एकदम खुशीत दादाला म्हणतात, "उद्या रविवार. ऑफिस नाही. आपण दोघंच कुठेतरी भटकून येऊ."

मास्तरीण: रविवारी टोल नसतो.

भिंगरी: नसतोच ना! दादा फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "उद्या कशाला?" आणि आजोबांनी त्याच्याकडे नाही गं, माझ्याकडे बघितलं. हातातला घास तसाच. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले, पंक्चर काढलेली स्कूटर घेतली ती थेट तुझ्याकडे. आता सांग, तू काय केलं असतंस?